अक्कांच्या कार्डाचा कोपरा

या, असे पुढे सरका. कीर्तनात मागे खांबाला टेकून बसणाऱ्याला नुसती झांज ऐकू येते, कथा पुढच्याला मिळते. आज बुवा नाहीत, मीच आहे, देवासच्या टेकरीखाली राहणारी विनोदिनी. कथाही पुराणातली नाही, एका कार्डाची आहे. पण शेवटपर्यंत बसलात तर रिकाम्या हाताने पाठवणार नाही.

सणाचं कार्ड मी आयुष्यात दुकानातून आणलेलं नाही. आलेल्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून ठेवते. जुन्या साड्यांचे काठ, रांगोळीचे रंग आणि कणकेची खळ, एवढ्यावर माझा कारखाना चालतो. दसऱ्याच्या कार्डावर आपट्याचं पान, दिवाळीच्या कार्डावर फुलवात, संक्रांतीच्या कार्डावर हलव्याचा दाणा. वरचं पान म्हणजे पूर्वरंग, आतलं पान म्हणजे उत्तररंग. विनोदिनीबाईंचं कार्ड घरात आलं की सणासुदीला भांडण होत नाही, असं आमच्या गल्लीत म्हणतात. ही गोष्ट बहुधा मीच पसरवली असेल, पण खोटी नाही.

त्या वर्षी मी ठरवलं की या कार्डांकडून एक मोठं काम करून घ्यायचं. माझे यजमान दत्तोपंत आणि धारच्या अक्का, म्हणजे त्यांची थोरली बहीण, यांच्यात बारा वर्षांचा अबोला होता. तो मोडायचा.

अबोला शेतीवाडीवरून नव्हता. कीर्तनावरून होता. धारला अक्कांच्या घरी दत्तजयंतीचं कीर्तन होतं. बुवांनी हरिश्चंद्राचं आख्यान लावलेलं. राजा राणीला विकायला चव्हाट्यावर उभं करतो, तिथे पेटी थांबली, टाळ थांबले, बायकांचे पदर डोळ्यांना लागले, आणि त्या शांततेत आमचे यजमान घोरले. साधं घोरणं नव्हे. पिठाच्या चक्कीचा पट्टा सुटावा तसं. बुवा थांबले. पोरं फिदीफिदी हसली. अक्का सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दत्तू, झोपायचं असेल तर ओटल्यावर जा."

यजमान उठले, दाराबाहेरच्या ओटल्यावर गेले, ओटल्यावरून बस स्टँडवर गेले आणि बसमध्ये बसून थेट देवासला आले. मी मात्र उत्तररंग ऐकला, आरती घेतली, प्रसाद पदरात बांधला आणि पुढच्या बसने आले. हरिश्चंद्राला मसणात सोडून घरी येणं मला जमलं नाही. त्याचाही त्यांना राग आहे, पण तो वेगळा.

ही दोघं लहानपणी आईवेगळी झाली. अक्कांनीच यजमानांना न्हाऊमाखू घातलं, वाढवलं. तेव्हा अक्का शहाऐंशीच्या, हे एकोणऐंशीचे. दोघांतलं एक न बोलताच जाईल, या विचाराने नामस्मरणातही माझं चित्त ठरत नसे. फोनचा उपयोग नव्हता. अक्का मोबाइल कानाला लावत नसत, त्यातून माणूस ओरडतो म्हणत. यजमानांना विचारावं तर म्हणायचे, "तिला गरज असेल तर ती बोलेल." म्हणून कार्ड.

दसऱ्याला आपट्याचं पान लावून पहिलं पाठवलं. अक्कांच्या नातवाचा, पियूषचा, मेसेज आला, "मामीआजी, आजीने पान देवापाशी ठेवलं." दिवाळीला दुसरं पाठवलं. "आजीने फुलवात देवापुढे लावली." देवाकडे सगळं पोचत होतं, उलट मात्र एक ओळ येत नव्हती.

संक्रांतीला मी सर्वस्व पणाला लावलं. तीन दिवस परातीशी बसून तिळावर पाक चढवला. काटेरी, टपोरा, पांढराशुभ्र हलवा. त्यातला एक दाणा केशरी निघाला, हरभऱ्याएवढा. तो अक्कांचा. कार्डाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात श्री लिहिला आणि त्याच्याशेजारी तो दाणा खळीने असा चिकटवला की साक्षात मारुतीरायालाही उपटता येऊ नये. आत लिहिलं, "अक्का, तिळगूळ घ्या. ते बोलत नाहीत, पण तुमची वाट बघतात." कार्ड लिफाफ्यात घातलं, वर पत्ता लिहिला. लिफाफा चिकटवायचा तेवढा राहिला, कारण देवळात कीर्तनाची वेळ झाली होती.

परत येऊन बघते तर लिफाफा चिकटवलेला. कड कशी सुरीसारखी.

"कुणी चिकटवला?"

"मी," यजमान म्हणाले. तोंड वर्तमानपत्रात.

"पत्ता वाचलात?"

"वाचला."

मी पुढे काही विचारलं नाही. ज्या माणसाने बारा वर्षं बहिणीचं नाव घेतलं नाही, त्याने स्वतःच्या हाताने तिचा लिफाफा बंद केला. मी देवापुढे जास्तीची निरांजनं लावली, आणि दुसऱ्या दिवशी लिफाफा पेटीत टाकून आले.

आता उत्तररंग. धारचा प्रसंग मला पियूषने नंतर सांगितला, तो आधी ऐका.

आमच्या जुन्या घरांतली रीत तुम्हाला ठाऊक असेल, नसली तर सांगते. माणूस गेल्याचं पत्र जातं त्यावर श्री लिहीत नाहीत, आणि पत्राचा एक कोपरा फाडतात. तसं पत्र उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. दारातच वाचायचं, दारातच फाडायचं आणि अंगावर गार पाणी घ्यायचं.

पियूषने दारात लिफाफा उघडला. कार्डाचा वरचा उजवा कोपरा नव्हता. कोपरा नाही म्हणजे श्री पण नाही. पियूषचं शिक्षण हिंदी शाळेत, त्याला कोपऱ्याचं काय कळणार. तो आपला आतलं मराठी अक्षराला अक्षर जोडत लावायला बसला. तोवर अक्कांची नजर पडली.

"आत आणू नकोस. कुणाकडून आहे?"

"विनोदिनी मामीआजी. आजी, थांब ना, पढतो मी."

"काय वाचायचं राहिलंय? घरात माणसं दोन. पत्र तिनं लिहिलंय, मग गेलं कोण?"

त्यांनी कार्ड त्याच्या हातातून घेतलं, चार तुकडे केले आणि शहाऐंशीव्या वर्षी, भर पौषात, अंगावर गार पाण्याचे दोन तांबे ओतून घेतले.

पियूष हल्लीचा मुलगा. त्याने मला फोन केला.

"मामीआजी, लेटर मिळालं."

"अक्कांनी पाहिलं?"

"पाहिलं. खूप रडतेय आजी."

 "रडू दे रे. बारा वर्षांचं साचलंय."

त्याने आवाज खाली आणला. "तिकडे लोक येऊन गेले?"

हळदीकुंकवाचं याला बरं आठवलं, मी मनात म्हटलं. "काल पन्नासेक बायका येऊन गेल्या. आजही येतील."

"मामाआजोबांना जास्ती त्रास तर नाही झाला?"

"सुरुवातीला थोडा झाला," मी म्हटलं. अभिमान सोडताना माणसाला त्रास होतोच. "आता अगदी शांत आहेत." ते खरंच शांत होते, ओटल्यावर उन्हात डोळे मिटून पडले होते.

"मी आजीला घेऊन निघतोय. तुम्ही काही बनवू नका, गॅस पेटवू नका. आम्ही डबा आणतो."

केवढा समजूतदार मुलगा, असं म्हणून मी फोन ठेवला. यजमानांना सांगितलं, अक्का येताहेत.  त्यांनी दाढी केली, परीटघडीचा सदरा घातला, आणि गाडीचा हॉर्न ऐकताच पुन्हा ओटल्यावर बसून चेहऱ्यासमोर वर्तमानपत्र धरलं. उलटं.

मी काठपदराची साडी नेसून, कपाळभर कुंकू लावून, तिळगुळाचं ताट घेऊन दारात उभी राहिले. अक्का गाडीतून उतरल्या. पांढरं लुगडं, पायांत चपला नाहीत. मागे पियूष डबा घेऊन. अक्कांनी माझ्या कुंकवाकडे पाहिलं, बांगड्यांकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं.

"विनोदिनी," त्या हळूच म्हणाल्या, "हे काय गं करून घेतलंस स्वतःचं?"

आणि मला मिठी मारून रडू लागल्या. मीही रडले. माझं रडणं आनंदाचं होतं. त्यांचं कसलं, ते मला ठाऊक नव्हतं. पियूष बिचारा एकदा माझ्याकडे बघे, एकदा डब्याकडे.

अक्का ओटल्याच्या पायरीवर बसल्या. वर्तमानपत्रामागचा माणूस शेजारीपाजारी कुणीतरी असावा, असं त्यांना वाटलं. त्या माझा हात धरून बोलू लागल्या.

"मी त्याला चारचौघांत उठवायला नको होतं गं. त्या दिवशी तो पहाटेची बस पकडून आला होता. माझ्यासाठी टेकरीवरच्या देवीचा प्रसाद घेऊन आला होता. दमला होता. लहानपणी आई गेली तेव्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून असाच झोपायचा, असाच घोरायचा. तेव्हा मी कुणाला मोठ्याने बोलू द्यायची नाही, दत्तू झोपलाय म्हणायची. आणि त्या दिवशी मीच..."

मला तेव्हा काहीतरी विपरीत घडतंय असं कळायला लागलं. पण वर्तमानपत्रामागून यजमान ऐकत होते, म्हणून मी अक्कांना थांबवलं नाही. अक्का पदराने डोळे पुसत होत्या.

"एकदा तरी त्याला सांगायला हवं होतं. आता कुणाला सांगू?"

वर्तमानपत्र खाली आलं.

"अक्का," यजमान म्हणाले, "या वेळी मी जागा आहे."

पियूषच्या हातातला डबा पायरीवर पडला. अक्कांनी भावाकडे पाहिलं, कितीतरी वेळ. मग हात पुढे करून त्यांच्या गालाला लावला. ताजी दाढी केलेली, गाल गुळगुळीत. तिथेच हात ठेवून त्या बसल्या. दोघंही बोलेनात. मला वाटलं, बारा वर्षं यांनी बोलायचं काय ते ठरवलंच नाही की काय.

शेवटी अक्का माझ्याकडे वळल्या. आवाज पहिल्यासारखा, धारच्या घरातला. "आणि तुला गं, जिवंत नवऱ्याचं पत्र कोपरा फाडून पाठवायला काय झालं होतं?"

मी देवाची शपथ घेतली. श्री लिहिला होता, दाणा लावला होता, कोपरा होता. पियूषनेही शपथ घेतली, त्याने उघडला तेव्हाच नव्हता. मग लिफाफ्याला हात लागलेला तिसरा माणूस कोण, म्हणून आम्ही तिघं यजमानांकडे वळलो.

यजमानांना साखरेचा आजार आहे. डॉक्टरांनी गोड पूर्ण बंद केलेलं. घरात मी हलव्याचा डबा फडताळात कुलूप लावून ठेवते.

"निघत नव्हता तो," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "नखाने पाहिलं, चमच्याने पाहिलं. मग कागदासकट घेतला."

"श्रीसकट?" मी विचारलं.

"श्रीसकट."

"अहो, पण पत्ता वाचला होतात ना? अक्कांचा दाणा होता तो."

"म्हणून तर घेतला," यजमान म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा कसा घेईन? लहानपणी संक्रांतीला आपल्या वाटचा हलवा अक्का मलाच द्यायची. दरवर्षी."

 अक्कांनी पडलेला डबा उघडून पाहिला. सुतकाच्या घरी नेतात तसं पिठलं-भात होता, झाकणामुळे सांडला नव्हता.

"ताटं आण," त्या मला म्हणाल्या. "आणलंय तर खा, दत्तू. स्वतःच्या मरणाचं पिठलं कुणाच्या नशिबात असतं?"

पियूषने इकडच्या सवयीने पिठल्यावर सेव भुरभुरली. अक्कांनी त्याला टपली मारली, मग स्वतःच्या ताटातही थोडी घेतली. यजमान तीनदा वाढून घेऊन जेवले आणि जेवून तिथेच ओटल्यावर आडवे झाले. थोड्या वेळाने चक्कीचा पट्टा सुटला. गल्लीतली एक बाई हळदीकुंकवाला आली आणि "काय हो हे" म्हणून हसू लागली. अक्कांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. दत्तू झोपलाय."

नऊ महिने मिळाले त्यांना. यजमान दर सोमवारी धारला पत्र लिहीत, कोपरे सांभाळून. आश्विनात अक्का गेल्या. फोन आला, आम्ही गेलो, सगळे विधी करून आलो. त्यानंतर, कुणी मागितलं नसताना, टपालाने रीतीचं पत्र आलं. पियूषच्या अक्षरात, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नसलेलं मराठी. वर श्री नव्हता. पण कोपरा शाबूत होता, आणि कोपऱ्यात माझ्याच हलव्याचा, संक्रांतीपासून जपून ठेवलेला एक दाणा चिकटवलेला. खाली एवढंच, "आजीने सांगितलं होतं. दत्तूच्या पत्राचा कोपरा कोणी फाडू नका. तो स्वतः फाडतो."

यजमान ते पत्र घेऊन ओटल्यावर उभे राहिले. उंबऱ्याच्या आत आणलं नाही. मग कोपरा फाडला आणि कागदासकट तोंडात टाकला. साखरेचं मी काही बोलले नाही.

तर रिकाम्या हाताने पाठवणार नाही म्हटलं होतं, हा घ्या हलवा. तुम्हीही घरी कार्ड करत असाल तर दाणा चिकटवण्याआधी घरातल्या माणसाला एक द्या, माझी चूक तुम्ही करू नका. आणि संक्रांतीला वाटून शेवटचा दाणा उरेल, तो डब्यात परत टाकू नका. डोळे मिटून क्षणभर आमच्या अक्कांना आठवा, आणि मग ज्याला द्यायचा त्याला द्या.