व्हय म्हना, न्हाई म्हना

सातूमामा शिंप्याच्या दुकानात नवा कपडा अंगात चढवला की लगेच घरी जाता येत नसे. आधी मान हलवावी लागे. "व्हय म्हना," सातूमामा सांगत. गिऱ्हाईक मान खालीवर करी. "आता न्हाई म्हना." गिऱ्हाईक मान डावी-उजवी करी. मग आढ्याकडे बघायचं, मग भाताचं रोप लावताना वाकतात तसं वाकायचं, मग डोक्यावर मोळी आहे असं समजून चार पावलं चालायचं. कानडी गिऱ्हाईक आलं तर हाच कार्यक्रम 'हौदु' आणि 'इल्ला' असा होई. एकदा एक फॉरेस्टसाहेब कोट शिवायला आले. त्यांना लोकांना न्हाई म्हणायचा सराव दांडगा, त्यामुळे ती मान झकास हलली. व्हय म्हणताना मात्र कॉलर रुतली. "बगा सायेब, इथंच अडतंय तुमचं," असं म्हणून सातूमामांनी कोट काढून घेतला तो आठवडाभर दिला नाही.

मी त्या काळी जोयड्याच्या शाळेत मास्तर होतो. आई-वडील लवकर गेलेले. घरात मी, विधवा आत्ती आणि धाकटी बहीण तुळसा. सातूमामांचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लावून. दुकान म्हणजे काय, एक पडवी, एक हातानं चाक फिरवायचं मशीन आणि एक पत्र्याची पेटी. मामांना आगापिछा नव्हता. दुसऱ्यांच्या गळ्याची एवढी काळजी वाहणारा हा माणूस स्वतः मात्र कधीही गळ्याचा कपडा घालत नसे. उघड्या अंगावर एक पंचा, पाऊस असो की थंडी. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "मास्तर, तुमी पोरांस्नी पाढं शिकवा."

गळ्यावरून ते कोणाशीही भांडत. "बाही कुनीबी लावतंय. गळ्याचं बोला!" हे त्यांचं पालुपद. शिवून दिलेला कपडा महिन्यानं रस्त्यात दिसला तरी त्या माणसाला थांबवून मानेमागं बोट घालून बघत. लोक हसत. मीही हसायचो, आणि थोडा वैतागायचोही, कारण मला झटपट कामं आवडत आणि उलट बोलणारी माणसं आवडत नसत. तुळसाबद्दल मी चारचौघांत अभिमानानं सांगे, "आमची पोर कधी न्हाई म्हणत नाही."

तुळसाचं लग्न खानापुराकडं ठरलं. मुलगा बेळगावात कारकून. लग्न त्यांच्या गावी व्हायचं होतं. निघायच्या आधी पाच दिवस सासूबाईंनी माणसाबरोबर पोलक्याचं कापड पाठवलं आणि निरोप दिला, "नवरी आमच्या वेशीत पाय ठेवील तेव्हा अंगात हेच पोलकं पाहिजे." निरोप आणणारा पुढं म्हणाला, "बाई कडक आहेत. थोरल्या सुनेनं दुसरं लुगडं नेसलं म्हणून वेशीवरच तासभर उभी ठेवली होती." हे ऐकून तुळसाचा चेहरा उतरला. आत्तीच्या तर तोंडचं पाणी पळालं.

कापड होतं करेप. जांभळ्या रंगाचं, अंगभर बारीक चुण्या. आमच्या भागात असलं कापड कोणी पाहिलेलं नव्हतं. आत्तीला वाटलं, वाटेत गाठोड्यात चुरगळलं. तिनं पितळी तांब्यात निखारे भरले आणि मायेनं सगळं कापड घासून घासून साफ सपाट केलं. वर मला दाखवून म्हणाली, "बघ, कसं आरशासारखं झालं."

सातूमामांनी ते हातात घेतलं आणि मटकन खाली बसले. "कुनी मारलं ह्याला?"

"मारलं काय! इस्तरी केलीय मी," आत्ती म्हणाली.

"अक्का, ह्याच्या चुन्या म्हंजे ह्याचा जीव." एवढं बोलून ते उठले आणि कापड पाण्याच्या घंगाळात बुडवलं. आत्तीनं बोंब ठोकली. व्याह्यांचं कापड, लग्न तोंडावर, आणि शिंप्यानं भिजवलं! मीही ओरडलो. कापड दोन दिवस सावलीत पसरून पडलं होतं. त्या दोन दिवसांत मी पडवीत किती खेपा घातल्या त्याला गणती नाही. हळूहळू चुण्या परत आल्या खऱ्या, पण त्याबरोबर कापड आटलंही. मापाला जेमतेम पुरलं. गळ्याच्या पट्टीला एक बोटभरही उरलं नाही.

आता गळा कसा करायचा? चुण्यांच्या कापडाची कड नुसती दुमडली तर आत जाड वळकटी होते आणि ती मानेला घासते. ताणून शिवलं तर चुण्या मरतात आणि गळा पसरतो. त्यावर उपाय एकच, तिरप्या कापाची उरेब पट्टी आतून लावायची. पट्टी गळ्यापेक्षा किंचित आखूड घ्यायची, वरचं कापड अजिबात ओढायचं नाही, आणि तुरपाई हातानं करायची. हे सगळं मला सातूमामांनीच ऐकवलं, तेही मी "लवकर करा" म्हणालो म्हणून. नवरीला जुनं नको म्हणून त्यांनी नव्या, जाडसर मांजरपाटाची पट्टी कापली आणि कामाला बसले. तीनदा घातली, तीनदा उसवली. मी कपाळाला हात लावला.

निघायचा दिवस उजाडला. दोन गाड्या दारात जुंपून तयार. कुळगीकडचा गाडीवान सारखा सूर्याकडे बघत होता. "मास्तर, उन्हं कलायच्या आत मुक्काम गाठाय पायजे. मदल्या रानात वाघ हाय. उशीर झाला तर मी बैल सोडनार, उद्याच जाऊ." उद्या निघालो असतो तर मुहूर्त टळला असता.

तेवढ्यात सातूमामा पोलकं घेऊन आले. तुळसा आत जाऊन घालून आली. फार सुरेख दिसत होती. मी सुटकेचा श्वास सोडला आणि सामान उचलायला वळलो.

"थांबा," सातूमामा म्हणाले. "बाय, व्हय म्हन."

तुळसानं मान हलवली.

"न्हाई म्हन."

तिनं मान डावीकडं नेली आणि मधेच थांबली. माझ्याकडं बघितलं, आत्तीकडं बघितलं, मग खाली बघत हळूच म्हणाली, "टोचतंय."

माझा पारा चढला. "टोचतंय काय! नवं आहे. सवय होईल," मी खेकसलो.

सातूमामांचा चेहरा एकदम पांढरा पडला. "मास्तर," ते म्हणाले, "ह्येच म्या बी म्हनलो हुतो."

"कोणाला?"

"बायकोला. गोव्यासनं असंच चुन्यांचं कापूड आनलं हुतं. हौसेनं शिवलं, पन गळ्याची कड तशीच दुमडली. मला कुटं काय येत हुतं तवा? ती एकदाच म्हनाली, टोचतंय. म्या म्हनलो, सवय हुईल. परत बोलली न्हाई. मी केल्यालं म्हून तीन वर्सं घातली. तापानं गेली, तवा आंगोळ घालनाऱ्या बायकांनी सांगिटलं, मानंवर घट्टा पडलाय म्हून."

सातूमामा पडवीत गेले, पत्र्याची पेटी उघडली आणि एक जुनं हिरवं लुगडं घेऊन आले. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं, अर्ध्याहून जास्त कापलेलं. तेव्हा मला उमगलं. गावातल्या कितीतरी पोराबाळांच्या झबल्यांना, माझ्या स्वतःच्या सदऱ्यालासुद्धा, गळ्याच्या आतून हीच फिकट हिरवी पट्टी होती.

आत्ती पुढं झाली. मला वाटलं, आता ही मेलेल्या बाईचं लुगडं नवरीला लावू देणार नाही. तिनं लुगड्याला हात लावला आणि विचारलं, "मळवट भरून गेली ना रे ती?"

"व्हय, अक्का."

"मग सवाष्णीचंच आहे. लाव. पण भराभर हात चालव."

गाडीवान बैल सोडायला लागला. मी धावत जाऊन त्याचे हात धरले, अक्षरशः धरले, आणि "थोडं थांब रे बाबा" अशी गयावया केली. इकडे सातूमामांनी मांजरपाट उसवला, लुगड्याची तिरपी पट्टी कापली, वळणावर कात्रीनं बारीक कापे दिले आणि तुरपाई धरली. त्यांचा हात कुठं अडला नाही. माझे दोन्ही हात अजून गाडीवानाला धरून होते. ऊन अंगणातल्या तुळशीवृंदावनापर्यंत आलं तेव्हा त्यांनी दोरा दातानं तोडला.

"व्हय म्हन, बाय."

तिनं म्हटलं.

"न्हाई म्हन."

"न्हाई टोचत," तुळसा म्हणाली आणि हसली. गाडीत बसताना तिला त्यांनी एकच सांगितलं, "तितं बी टोचलं तर बोलायचं." बैल पळवत पळवत आम्ही अंधार पडायच्या आत मुक्काम गाठला. दुसऱ्या दिवशी वेशीवर सासूबाईंनी पोलकं खालीवर न्याहाळलं, चुण्यांवरून हात फिरवला आणि वाट सोडली.

आठ दिवसांनी परत आलो. घर रिकामं वाटत होतं. उगाच एक जुना सदरा घेऊन सातूमामांकडे गेलो. त्यांनी गळा नीट करून दिला आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "व्हय म्हना. न्हाई म्हना." मी मुकाट्यानं मान हलवली. मग त्यांच्या उघड्या मानेकडे बघत मी विचारलं, "मामा, आणि तुम्हाला? अजून टोचतंय?"

"न्हाई वो," ते लगेच म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला लागले. दोनदा लावला, दोनदा हुकला. त्यांनी सुई खाली ठेवली.

"व्हय, मास्तर," ते म्हणाले. "व्हय."