तीन दातांचा सन्मान

प्रुफं उद्या दुपारपर्यंत परत पाठवायची होती आणि ती एकट्याने तपासायची हिंमत प्राध्यापकांना आजवर झाली नव्हती. पस्तीस वर्षांच्या शिरस्त्याप्रमाणे ते हस्तलिखित मोठ्याने वाचत होते आणि बायको पेन्सिल घेऊन छापील मजकूर पडताळत होती. विषय होता समुद्राच्या वाळूत सापडलेला, केसाहून बारीक असा नवा सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखा जंत.

"‘लांबी बारा मिलिमीटर. डोके बोथट. मान नाही. तोंड रुंद, आत तीन दात, पैकी एक मोठा. शेपूट आखूड.’"

"बरोबर," बायको म्हणाली. "कुणाच्या वाट्याला काय रूप येतं बघा."

प्राध्यापकांना घाम फुटला. पुढचा परिच्छेद नामकरणाचा होता. तो लिहिताना प्रुफं कोण तपासतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी खोकून तो गाळला.

"थांबा, एक परिच्छेद खाल्लात." बायको वाचू लागली. "‘या प्रजातीला लेखकाच्या पत्नीचे नाव...’"

पेन्सिल मागे नेऊन तिने वर्णन पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश.

"मान नाही?"

"त्यांच्यात कुणालाच नसते गं."

"तीन दात?"

"फार सुबक आहेत."

"आणि राहतो कुठे? कुणाच्या आतड्यात?"

"छे. वाळूत, स्वतंत्र. कुणाच्या जिवावर नाही. म्हणून तर तुझं नाव सुचलं." बायकोने पान जवळ ओढलं. "बदलू का? ताईचं देतो."

"वन्संनी काय घोडं मारलंय?" ती खालच्या मोजमापांच्या तक्त्याकडे बघत म्हणाली. "इथे लांबी एक पूर्णांक दोन आहे. वर बारा कशी?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसून पाहिलं. हस्तलिखितातही बाराच होते. दशांशाचं टिंब त्यांच्याच हातून सुटलं होतं. हे छापलं गेलं असतं तर साऱ्या सूत्रकृमीवाल्यांत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"माझ्या नावावर असला गलथानपणा नको." बायकोने टिंब ठासून दिलं.

"म्हणजे नाव ठेवू?"

तिने पान उलटलं. "यात नर सापडलाय का?"

"एकच. मादीहून लहान आहे."

"त्याचं नाव काय?"

"प्रजातीला एकच नाव असतं," प्राध्यापक चाचरत म्हणाले. "त्यालाही तुझंच लागणार."

बायकोने नामकरणासमोर बरोबरची खूण केली. पंधरा मिनिटांत पहिल्यांदाच प्राध्यापकांना पुरता श्वास घेता आला.

"मग असू दे," ती म्हणाली. "वाचा पुढे."