जगूभाऊचं न हलणारं पान

कॉम्प्युटरच्या काचेवर फूटपट्टी ठेवून अक्षरं मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचा जगूभाऊ. एक डोळा मिटून, जीभ दातांत धरून तो पट्टी लावायचा आणि म्हणायचा, "मास्तर, डाव्या अंगाला सूतभर जास्त सुटलंय." मला तिथं काही म्हणजे काही सुटलेलं दिसायचं नाही. तरी मी मान डोलवायचो, कारण नाही म्हटलं की तो पट्टी माझ्या हातात द्यायचा.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. साताऱ्यात एस.टी. स्टँडजवळ, एका चहाच्या दुकानाच्या माडीवर माझा कॉम्प्युटर क्लास होता. इंटरनेट नुकतंच आलेलं. मोडेम किरकिरायला लागला की सगळा क्लास काम टाकून मागे येऊन उभा राहायचा. फोटो वरून खाली रांगत उतरायचा आणि तेवढ्यानंसुद्धा अंगावर काटा यायचा. आपण साताऱ्यात बसून पान बनवायचं आणि ते साऱ्या जगात दिसणार, काय चेष्टा आहे का?

जगूभाऊला त्या जगाचीच काळजी. तो माझ्याकडे गिऱ्हाइकांच्या वेबसाइट बनवायचा, पण त्याची आधीची सगळी हयात छापखान्यात लग्नपत्रिकांसाठी शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवण्यात गेली होती. तिथं एकदा चौकट आवळली की विषय संपला. पत्रिका कऱ्हाडला जावो नाहीतर जतला, नवरदेवाचं नाव मधोमध म्हणजे मधोमध. वेबसाइटचं तसं नव्हतं. इथं नीट बसवलेलं पान एकाच्या मॉनिटरवर ऐसपैस पसरायचं आणि दुसऱ्याच्या मॉनिटरवर चेपून जायचं. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो मटकन खुर्चीत बसला.

"म्हंजे मास्तर, पानाचा मालक कोण? बनवणारा का बघणारा?"

"दोघं," मी म्हणालो.

"असं कुठं असतंय व्हय?" तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्यानं बघणाऱ्याशी उभा दावा मांडला.

टेबलात टेबल, त्या टेबलात आणखी टेबल, आणि सगळ्यांच्या रेघा लपवलेल्या. रिकामी जागा राखायला एक पारदर्शक ठिपका, हवा तेवढा ताणून बसवलेला. त्याला तो 'राखणदार' म्हणायचा. बघणाऱ्याला अक्षर लहानमोठं करायची सोय ब्राउझरमध्येच होती. ती तर जगूभाऊला सरळसरळ घरात घुसून भांडी हलवल्यासारखी वाटायची. मग त्यानं अक्षरं ठेवलीच नाहीत. सगळा मजकूर चित्र करून डकवायला लागला. मराठी फॉन्ट नसलेल्या मशीनवरही ते नीट दिसायचं, त्यामुळे मलाही बोलता येईना. "आता वाढव म्हणावं अक्षर," तो हात चोळत म्हणायचा. "जागच्या जागी ऱ्हायला पायजे गड्या, जागच्या जागी."

पाचगणीच्या एका हॉटेलवाल्याचा फोन आला की पान वाकडं दिसतंय. दुसऱ्या कुणी पान दुरुस्त केलं असतं. जगूभाऊ एस.टी.नं पाचगणीला गेला, मालकाच्या मॉनिटरची सेटिंग बदलली आणि खाली चिठ्ठी चिकटवून आला : 'हात लावू नये.' पुढे बेळगावहून तसाच फोन आला तर हा खाली स्टँडवर गाडीची चौकशी करून आला. एकदा कुणी अमेरिकेतून कळवलं, तेव्हा मात्र बिचारा दिवसभर माडीवरून नुसता स्टँडकडे बघत बसला. मी आपला हसू दाबत चहा मागवला.

त्याचा आणखी एक हट्ट होता. पान एका पडद्यात मावलं पाहिजे. खाली सरकवावं लागलं की त्याच्या लेखी ते पान नापास. "पत्रिका कधी कुणी सरकवून वाचलीया का?"

या हट्टातून त्यानं एक पान बनवलं होतं, ते त्याच्या अक्काचं. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. वाईला प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आईबाप लवकर गेले, तेव्हा अक्कांनी या एकट्याला वाढवलं आणि त्यात त्यांचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. निवृत्तीनंतर त्या अगदी एकट्या पडल्या. म्हणून जगूभाऊनं त्यांच्या शाळेच्या आठवणी वेबसाइटवर टाकल्या, खाली आमचा ईमेल दिला आणि आश्चर्य म्हणजे उत्तरं यायला लागली. पुण्याहून, दुबईहून, लष्करातल्या पोरांकडून. 'बाई, ओळखलंत का?' अशी सुरुवात करून लोक पानपानभर लिहायचे. आम्ही दोघं ती वाचून वेडे व्हायचो. या उत्तरांनी अक्कांच्या घरात माणसांची वर्दळ व्हावी, एवढंच जगूभाऊला हवं होतं.

पण पडदा तर एकच. नवं उत्तर आलं की जगूभाऊ सगळी अक्षरं थोडी बारीक करायचा आणि त्याला जागा करून द्यायचा. आणखी आलं, आणखी बारीक. दर रविवारी नवं पान फ्लॉपीवर घेऊन तो वाईला जायचा, कारण अक्कांच्या घरी क्लासमधला जुना कॉम्प्युटर होता पण इंटरनेट नव्हतं. जगाला पान तारेतून जायचं आणि अक्कांना एस.टी.तून.

एका रविवारी मीही बरोबर गेलो. त्या आठवड्याचं उत्तर फार सुंदर होतं. शाळा सोडून मेंढरांमागे गेलेल्या एका पोराला अक्कांनी परत आणून घरी ठेवून घेतलं होतं. तो आता मास्तर झाला होता आणि त्यानं मुलीला अक्कांचं नाव ठेवलं होतं. जगूभाऊनं पान उघडलं, मागे उभा राहिला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "सरळ दिसतंय का?"

"एकदम सरळ बाबा," अक्का म्हणाल्या.

मला राहवलं नाही. "अक्का, त्या मुलीच्या नावाचं वाचलंत का?"

"वाचलं की. छान लिहिलंय." आणि त्या चहा टाकायला उठल्या.

जगूभाऊनं माझ्याकडे बघितलं. एवढी गोष्ट वाचून अक्का चहा टाकायला उठणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यानं त्यांचा हात धरून परत बसवलं.

"अक्का, खरं सांग. तुला दिसतंय का?"

त्या जरा वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. "मुंग्यांची रांग दिसती रं. लय दिवस झाले. पण तू एवढं जुळवून आणतोस, एक अक्षर हलत न्हाई म्हणून खूश असतोस. म्हटलं, कशाला मोडायला लावू."

जगूभाऊ खुर्ची ओढून बसला. माझ्या पिशवीतली मराठी फॉन्टची फ्लॉपी मागून घेतली आणि पान उसकटायला सुरुवात केली. चित्रं काढून तिथं आपल्या फ्लॉपीवरचा मूळ मजकूर टाकला, टेबलं काढली, राखणदार एकेक करून हाकलले. उरला नुसता मजकूर, कसाही वाहणारा. शेवटी त्यानं स्वतःच्या हातानं ब्राउझरमधलं अक्षर मोठं केलं, सगळ्यांत मोठं. 'शाळेच्या' एका ओळीत राहिलं आणि 'आठवणी' खाली घसरलं. पडद्यावर जेमतेम चार ओळी मावत होत्या.

अक्का पुढे वाकल्या आणि वर्गात वाचायच्या तशा खणखणीत आवाजात वाचायला लागल्या. "बाई, ओळखलंत का?" चार ओळी झाल्या की जगूभाऊ बाणाची कळ दाबायचा आणि पान पुढे सरकायचं. मुलीच्या नावाशी आल्यावर त्यांनी डोळे पुसले, ती ओळ पुन्हा वाचली, आणि पुढे निघाल्या.

चहा राहिलाच. अंधारायला आलं तरी त्या वाचत होत्या.

"अजून हाय का रं जगू?"

"लय हाय अक्का," तो म्हणाला आणि त्यानं पान आणखी खाली सरकवलं.