द्राक्षबागेत टांगलेलं लग्न

देवव्रतराव गायधनींनी त्रेसष्ट सीड्या एका दुपारी कॉम्प्युटरवर चढवल्या, आणि त्या दुपारी ते स्वतःवर इतके खूश होते की चहात साखर नाही हेही त्यांना कळलं नाही.

सीड्या घरच्या समारंभांच्या होत्या. लग्नं, मुंजी, बारशी, एक वास्तुशांत, आणि एका सीडीवर तर नुसतीच 'मामा' एवढीच अक्षरं. सीडी प्लेअर बारा वर्षांपूर्वीच देवाघरी गेला होता आणि सीड्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात धूळ खात पडल्या होत्या. कॉलेज रोडवरचा दुकानदार म्हणाला, "ठेवून जा काका, दहा दिवसांत सगळं हार्ड डिस्कवर टाकून देतो." देवव्रतराव पिशवी उचलून परत आले.

"आपल्या घरची लग्नं परक्या माणसाने दहा दिवस बघत बसायची?" ते बायकोला, तेजश्रीबाईंना, म्हणाले. "आणि मी काय करतो गेली अठ्ठावीस वर्षं?"

देवव्रतराव एका सरकारी कचेरीच्या नकला विभागात होते. लोकांच्या जुन्या कागदांच्या प्रती काढून त्यावर शिक्का मारून देणं हेच त्यांचं काम. एखादी प्रत त्यांच्या हाताखालून गेली नाही असा दिवस नव्हता.

"बाबा, मी करून देऊ का?" इंजिनिअरिंगला असलेल्या आभाने विचारलं.

"तू अभ्यास कर."

तर त्यांनी सीडी लावायचा एक चपटा डबा विकत आणला, हार्ड डिस्क आणली आणि बसले. माऊसने फाइल ओढून सोडली की एक छोटी यादी यायची. वरच्या ओळीवर बोट ठेवलं तर एका सीडीला वीस मिनिटं लागायची. खालच्या ओळीवर ठेवलं की काम एका सेकंदात. वरची ओळ नवशिक्यांसाठी असणार, हे त्यांनी ताबडतोब ओळखलं. खालची ओळ दाबली की हार्ड डिस्कवर फाइल हजर, वर तिच्या कोपऱ्यात एक बारीकसा बाण. काम झाल्याची खूण. आपल्या कचेरीतल्या शिक्क्यासारखी.

माणूस सावधही होता. प्रत्येक फाइल त्यांनी उघडून बघितली. सगळ्या चालत होत्या. सीडी अजून डब्यातच होती, एवढा एक तपशील सोडला तर तपासणीत काहीही उणं नव्हतं.

एवढा खटाटोप ज्यासाठी चालला होता ती सीडी एकच होती. देवव्रतरावांच्या सासूबाई, इंदिराबाई, त्या रविवारी पंचाहत्तर वर्षांच्या होणार होत्या. सासरे गोविंदमास्तर जाऊन आठ वर्षं झाली. गणिताचे मास्तर, फोटो काढून घ्यायचा कंटाळा, फोनवर बोलायचा त्याहून कंटाळा. त्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, तो म्हणजे तेजश्री-देवव्रत यांच्या लग्नाच्या सीडीत. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी स्वतः मंगलाष्टक रचलं होतं आणि स्वतःच म्हटलं होतं. आईला वाढदिवसाला तो आवाज ऐकवायचा, आणि पुण्याच्या मामांनी, अमेरिकेतल्या भाच्याने त्याच वेळी आपापल्या घरी बसून तो बघायचा, असा बेत. इंदिराबाईंना पत्ता लागू द्यायचा नाही असं ठरलं होतं.

देवव्रतरावांचा यात थोडा खासगी स्वार्थही होता. अंतरपाटामागे उभं असताना त्या गोंगाटात त्यांना मंगलाष्टकाची एकच ओळ नीट ऐकू आली होती:

"आला आज घरास जावइ गुणी, विश्वास ठेवा जरा..."

पुढे मांडवात हशा पिकला, सनईवाल्याने मध्येच सूर धरला, अक्षतांचा मारा सुरू झाला. पुढे सीडी घरात एकदाच लागली, तेव्हा पंचवीस पाहुणे पडद्यावर स्वतःला शोधत ओरडत होते. पण ती एक ओळ त्यांनी वीस वर्षं जपली होती. गोविंदमास्तरांनी जावयाला नंतर कधी गुणी म्हटलं नाही. हजार विद्यार्थ्यांत कोणालाच म्हटलं नव्हतं, म्हणून तर त्या ओळीची किंमत.

शुक्रवारी संध्याकाळी रंगीत तालीम ठेवली. हार्ड डिस्क टीव्हीला जोडली. देवव्रतरावांनी रिमोट दाबला. पडदा काळाच राहिला. 'फाइल सापडत नाही.' दुसरी लावली. सापडत नाही. मुंज, बारसं, वास्तुशांत, 'मामा'. कुणीच सापडेना.

आभाने हार्ड डिस्क लॅपटॉपला लावली आणि तिचा चेहरा बदलला.

"बाबा, त्रेसष्ट सीड्या मिळून इथे किती जागा भरलीये माहितीये? शंभर केबी."

"म्हणजे जास्त का?"

"तुमच्या पासपोर्टचा फोटो याहून मोठा असतो."

"पण मी एकेक चालवून बघितली!"

"सीडी आत असताना बघितली ना? बाबा, तुम्ही लग्न कॉपी नाही केलं. लग्न कुठे ठेवलंय त्याचा पत्ता कॉपी केलाय. त्रेसष्ट पत्ते आहेत."

"मग जाऊ दे ना," तेजश्रीबाई म्हणाल्या, "सीड्या आहेत. पुन्हा करू. अहो, कुठे ठेवल्यात सीड्या?"

देवव्रतराव सोफ्यावर बसले.

"अहो?"

"कारभारीला दिल्या."

कारभारी हा त्यांचा शाळेपासूनचा मित्र, दिंडोरीच्या पुढे त्याची द्राक्षबाग. मण्यांत साखर भरायला लागली की साळुंख्या आणि बुलबुल बागेवर तुटून पडतात. त्यांना बिचकवायला शेतकरी जुन्या सीड्या टांगतात. वाऱ्यावर फिरल्या की चमकतात. 'कुणाकडे असतील तर द्या,' असं कारभारीने ग्रुपवर टाकलं होतं. सोमवारीच देवव्रतरावांनी सगळ्या सीड्या पिशवीत भरून दिल्या होत्या. वर कव्हरं रद्दीत घालून कप्पा स्वच्छ पुसलाही होता.

तेजश्रीबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या बाबांचा आवाज तुम्ही पाखरं हाकलायला दिलात?"

आरडाओरडा झाला असता तर देवव्रतरावांना सोसला असता. हे सोसेना.

शनिवारी सकाळी तिघं लॅपटॉप घेऊन बागेत हजर. कारभारी बांधावरच भेटला, आनंदाने फुललेला.

"देवा, लय भारी काम केलं तू! एक पाखरू फिरकलं नाय. शेजारच्याची बाग बघ, नुसत्या चोची!"

"कारभारी, सीड्या परत पाहिजेत."

"बरं, घे की. तुझ्या कोणत्या त्या ओळखून काढ."

देवव्रतरावांनी वर बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अडीच एकर बाग. वेलींच्या तारांना नजर पोचेल तिथवर सीड्या लटकत होत्या, गरागरा फिरत होत्या. कारभारीने साऱ्या तालुक्यातून गोळा केल्या होत्या. दोन-दोन सीड्या पाठीला पाठ लावून बांधलेल्या, चमकती बाजू बाहेर. त्यावर पहाटेचं दव आणि औषधाच्या फवाऱ्याचा निळसर थर. पेनाने लिहिलेली नावं केव्हाच पुसली होती.

"एकूण किती आहेत?" आभाने विचारलं.

"चारशेच्या वर असतील बघ."

मग सुरू झालं ते वर्णन करण्यासारखं नाही. देवव्रतराव शिडीवर चढून सीडी सोडवायचे, तेजश्रीबाई पदराने पुसायच्या, आभा वेलीखाली मांडी घालून लॅपटॉपमध्ये लावून बघायची. टायपिंगचा क्लास. कुणाचं तरी डोहाळजेवण. खत कंपनीचा माहितीपट. पुन्हा टायपिंग. एकदा घरची मुंज निघाली तर तिघं ओरडले, पण तिच्यात बटू घोड्यावर बसला की चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे आणि घोडा पुढे जायचाच नाही. दुपारपर्यंत एकशे तीस झाल्या आणि लॅपटॉपची बॅटरी लाल झाली.

तेजश्रीबाईंना एकदम आठवलं. "आमच्या सीडीला हळदकुंकू होतं! घरी आली तेव्हा आईने लावलं होतं, वरच्या बाजूला."

बागेत काम करणाऱ्या लताबाई बाजूच्या ओळीत घड साफ करत होत्या. त्या थबकल्या.

"कुंकवाची का? ती नाय टांगली मी. म्हटलं, देवाधर्माची असंल, पाखरांपुढं कशाला? शेडात ठिवलीय."

सगळे शेडकडे धावले. औषधाच्या डब्यांच्या वर, फळीवर, देवाच्या तसबिरीला टेकून सीडी बसली होती. पुढ्यात उदबत्तीचं घर, त्यात अर्धी उदबत्ती जळत होती.

"रोज सकाळ-संध्याकाळ लावते," लताबाई म्हणाल्या. "कुणाचं हाय हे?"

"आमचं लग्न," देवव्रतराव म्हणाले, आणि लताबाईंनी तोंडाला पदर लावला.

आभाने उरलेल्या बॅटरीवर सीडी लावली. गणेशपूजन दिसलं, वाङ्निश्चय दिसला, आणि लॅपटॉप बंद पडला. पण चालत होती! परतीच्या वाटेवर देवव्रतराव शीळ घालू लागले. तेजश्रीबाईंनी एकदाच त्यांच्याकडे बघितलं, शीळ थांबली. घरी पोचताच त्यांनी सीडी रेशमी खणात गुंडाळून आपल्या उशाशी ठेवली. रविवारी लॅपटॉपला लावेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूमच काढला.

रविवारी गंगापूर रोडच्या इंदिराबाईंच्या फ्लॅटमध्ये वीसेक माणसं जमली. पुण्याचे मामा आणि अमेरिकेतला भाचा फोनच्या चौकोनांत बसले होते. औक्षण झालं, पंचाहत्तर दिवे लागले. देवव्रतरावांनी घसा साफ केला. "आई, तुमच्यासाठी एक छोटीशी भेट."

पडद्यावर मांडव उघडला. अंतरपाट धरला गेला. पांढऱ्या टोपीतले गोविंदमास्तर हातात वहीचा कागद घेऊन पुढे आले, आणि इंदिराबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"आला आज घरास जावइ गुणी," मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले, "विश्वास ठेवा जरा..."

खोलीत माणसं वळून देवव्रतरावांकडे बघायला लागली. त्यांनी नम्रपणे मान खाली घातली. ती वर केली तेव्हा पडद्यावर चौकोनच चौकोन होते. मास्तरांचं तोंड उघडं, हात वर, आणि आवाज नाही. आभाने मागे नेलं, पुढे नेलं. सीडी काढून बघितली. उदबत्तीच्या धगीने एक कड बारीकशी वाकली होती, आणि ती वाकली होती नेमकी तिथेच.

इंदिराबाई त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिल्या. "पुढचं नाही?" त्यांनी विचारलं. आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

देवव्रतरावांना धरणी दुभंगावी असं वाटलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. खालची ओळ, बाण, पत्ते, बाग, साळुंख्या, उदबत्ती, काहीही लपवलं नाही. मामा फोनमधूनच "अरे देवा" म्हणाले.

इंदिराबाईंनी डोळे पुसले. "मला विचारायचं तरी होतंत, देवव्रतराव."

"तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं ना, आई."

"तेजू, तुझ्या जुडग्यात एक लहान पितळी किल्ली आहे ना? दिवाळसणाला बाबांनी दिली होती ती?"

"आहे," तेजश्रीबाई पर्स चाचपत म्हणाल्या. "कसली ते मला आजपर्यंत कळलं नाही."

"ह्यांच्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरची. त्यात दुसरी सीडी आहे. हे गेल्यावर मला एकटीने बघवली नसती, म्हणून मी किल्ली मागितलीच नाही."

ड्रॉवर कुरकुरत उघडला. रुमालात बांधलेली सीडी, वर पट्टीने आखल्यासारख्या अक्षरात मास्तरांची चिठ्ठी: 'विवाह. दुसरी प्रत. जावईबापूंच्या हाती देऊ नये.'

चिठ्ठी हातोहात फिरली. नकला विभागातल्या माणसाने ती सगळ्यांत शेवटी वाचली.

आभाने सीडी लावली. मांडव, अंतरपाट, पांढरी टोपी. चित्र स्वच्छ, आवाज त्याहून स्वच्छ.

"आला आज घरास जावइ गुणी, विश्वास ठेवा जरा," मास्तर म्हणाले. क्षणभर थांबले. टोपीखालून अंतरपाटाकडे तिरकं बघितलं.

"किल्ली मात्र तिजोरिची मुलिकडे राहो, म्हणे सासरा!"

मांडवात हशा उसळला. तोच हशा वीस वर्षांनी खोलीतही उसळला, फोनमधले मामा तर खुर्चीवरून दिसेनासे झाले. इंदिराबाई हसत होत्या, रडत होत्या आणि पदर कुठल्या डोळ्याला लावावा ते त्यांना कळत नव्हतं. देवव्रतराव मात्र दगडासारखे उभे होते. वीस वर्षं जपलेल्या ओळीला दुसरी ओळ होती, आणि ती त्यांच्याखेरीज सगळ्यांना माहीत होती.

"तुलाही माहीत होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मी अंतरपाटाच्या बाबांच्या बाजूला होते," तेजश्रीबाई म्हणाल्या.

"पुन्हा लाव गं, आभा," इंदिराबाई म्हणाल्या. "टोपीखालून बघतात ना, तिथून."

पाच वेळा लावून झालं. सहाव्या वेळी देवव्रतरावांनाही हसू आलं. मास्तरांची ती तिरकी नजर सरळ त्यांच्यावरच होती, आणि तीत राग अजिबात नव्हता. शेवटी आभाने लॅपटॉप पुढे ओढला. "आता आधी हिची खरी कॉपी करून घेते. वीस मिनिटं लागतील."

"थांब, मी..." म्हणत देवव्रतराव सवयीने उठले.

"जावईबापू," इंदिराबाई म्हणाल्या, "तुम्ही बसा. केक खा."

ते बसले. तेजश्रीबाईंनी वीस मिनिटांनी सीडी पुन्हा रुमालात बांधली, ड्रॉवरमध्ये ठेवली, आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.