भिंतीतला लाल डाग

घरातली ऊब नेमकी कुठून निसटते ते शोधल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही, असं एल्मर फ्रीसनने जाहीर केलं. तेही भरपेट जेवून हात पुसता पुसता!

कॅनडातल्या विनिपेगचा जानेवारी, बाहेर उणे तीस. ट्रूडी घरातही कोट घालून वावरत होती. तिने नवऱ्याला शेवटचं बजावलं होतं, "रविवारपर्यंत घर ऊबदार झालं नाही, तर मी चालले ॲरिझोनाला, बहिणीकडे. एकदम एप्रिलात उगवेन!"

तीन महिने बायकोवाचून? एल्मरला साधं अंडं उकडायचं तर पातेलं शोधण्यापासून सुरुवात!

म्हणून त्याने लायब्ररीतून पुस्तकासारखा उसना मिळणारा, उष्णता दाखवणारा कॅमेरा आणला. ऊब असेल तिथे लाल, गारठा असेल तिथे निळं.

"आधी कॅमेऱ्याची माहिती वाच," ट्रूडी म्हणाली.

"हे घर मी बांधलंय! मला काय वाचायला सांगतेस?"

भिंत नीट दिसावी म्हणून त्याने भिंतीला खेटून उभा असलेला ट्रक बाजूला घेतला आणि बाहेरून कॅमेरा रोखला. अरे बापरे! कमरेच्या उंचीवर हा एवढा लालभडक डाग!

"सापडली! ट्रूडे, सगळी ऊब इथून पळतेय!"

"अरे, पण..."

"पण नाही नि बिण नाही! करवत आण!"

तासाभरात भिंतीला खिडकीएवढं भगदाड पडलं. आत थंडी अडवणारा कापूस गच्च भरलेला, कोरडा, अगदी नवाकोरा!

"ट्रकच्या इंजिनाला हात लावून बघ," ट्रूडी दारातून म्हणाली. "गोठू नये म्हणून दिवसभर विजेची वायर लावून तापवतोस ना? त्यानेच भिंत शेकली. हेच सांगत होते मघाशी!"

तिने कॅमेरा हिसकावला आणि आत गेली. दोन मिनिटांत सापडलं! पॅसेजमधल्या खिडकीपाशी निळाशार पट्टा. ट्रकची वायर बाहेर न्यायला खिडकी दोन बोटं उघडी, आणि फटीत एल्मरचा जुना मोजा कोंबलेला.

"आठ हिवाळे!" ट्रूडी कडाडली. "ट्रक उबेत आणि बायको गारठ्यात!"

एल्मरचं तोंड एवढंसं झालं. त्याने भगदाडावर फळ्या ठोकल्या, खिडकी घट्ट लावली आणि हळूच विचारलं, "आता राहशील ना गं?"

"तिकिटं काढून झाली."

"तिकिटं? किती?"

"दोन. तिथे उन्हात मी भांडू कुणाशी?"

एल्मरला इतका आनंद झाला की तो लगेच सामान बांधायला गेला. दहा मिनिटांनी आतून हाक आली,

"ट्रूडे! तुझ्या बहिणीच्या घरातली एसीची गार हवा कुठून निसटते, ते कुणी बघितलंय का? ही करवत बॅगेत मावतेय!"