आडव्याचं उभं करणारे वाघ सर

गंगापूर रोडच्या त्यांच्या गल्लीत कुणी लांबण लावली की वाघ सर मधेच तोडतात, "एका ओळीत सांग!" भाजीवाल्या काकूंनाही सोडत नाहीत. इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त, मुलगा परदेशात, घरी एकटे. दिवसभर कॉम्प्युटरवर आकड्यांचे तक्ते फिरवत बसतात. इतरांना ज्यासाठी पानभर प्रोग्रॅम लागतो, ते सर एका ओळीत उरकतात आणि स्वतःलाच "वा!" म्हणतात.

मी पत्रकं लिहिणारी. मला उद्गारचिन्हाशिवाय श्वास घेता येत नाही! आमचं जुळलं ते पाण्यामुळे. आमच्या कॉलनीत संध्याकाळचा नळ कोरडा, आणि पालिकेचे साहेब म्हणतात, "सर्वांना समान पाणी." समान? डोकंच फिरलं माझं! रोज कॉलन्या पालथ्या घालून मी कुठल्या नळाला किती मिनिटं पाणी आलं त्याचे आकडे आणायचे, सर ते तक्त्यात भरायचे आणि चहा टाकायचे.

आमच्या तक्रारीवर पालिकेत सुनावणी होती, तिच्या आदल्या दिवशी मी सरांच्या कॉम्प्युटरवर स्वतःच बसले. तक्त्यात दिवस आडवे होते, कॉलन्या उभ्या. मला कॉलन्या आडव्या हव्या होत्या. ठोकली आकार बदलायची आज्ञा, 'रीशेप'! आकार अगदी हवा तसा. पत्रक छापायला निघाले.

"थांब!" सर ओरडले. "तुमच्या कॉलनीत धो धो पाणी दाखवलंयस!"

खरंच की! आमची शून्यं भलत्याच कॉलन्यांच्या नावावर.

"अगं, तक्ता वळवायचा होता. तू सगळ्यांना बाहेर काढून नव्या चाळीत कोंबलंस. ज्याला जी खोली मिळाली ती त्याची!"

मग त्यांनी तक्त्याच्या नावापुढे वर एक इवलीशी खूण टाकली, स्वल्पविरामाएवढी. झालं! आमची कॉलनी आडवी, शून्यामागे शून्य.

"बघ, ओळसुद्धा पुरती लागली नाही. वा!"

सुनावणीत मी तो कागद साहेबांपुढे आपटला. साहेबांनी तो दोनदा वाचला. आठवड्यातच आमच्या नळाला संध्याकाळचं पाणी!

धावतच सरांकडे गेले. "सर, पाणी आलं! जिंकलो!"

"छान, छान," म्हणत सर ओट्याकडे वळले. पातेल्यात दोन कप चहाचं आधण आधीच ठेवलेलं. पाठमोरेच म्हणाले, "म्हणजे आता आकडे आणायला नकोत."

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"नकोत कसे? या लोकांचा काय भरवसा, सर! रोज मोजणार, रोज आणणार!"

सर वळले नाहीत. "मग आलं जरा जास्त किसतो," एवढंच म्हणाले.