तात्यांनी आवळलेलं छप्पर

"उद्यापासून हे छप्पर चूं करणार नाही!" तात्यांनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. वाटी उडाली, त्यांची बायको मात्र जागची हलली नाही. सगळ्या गल्लीच्या त्या मावशी. बत्तीस वर्षांच्या संसारात असल्या घोषणा त्यांच्या अंगवळणी पडल्या होत्या.

पण या वेळी मामला त्यांच्याच जिव्हाळ्याचा होता. वरच्या खोलीत उद्या त्यांचा शिवणक्लास सुरू व्हायचा होता. बारा जणींनी नावं नोंदवली होती, सहा मशिनं तेलपाणी होऊन सज्ज होती आणि जन्मात पहिल्यांदा दारावर मावशींच्या नावाची पाटी लागली होती. अडचण एकच, डोक्यावरचा पत्रा. हल्ली हवेचा नेमच राहिला नव्हता. सकाळी दातावर दात वाजायचे आणि दुपारी टाळू भाजायची. ऊन चढलं की पत्रा 'टण्' करायचा, उतरलं की 'टुण्'!

"पत्रा बसवणारे मिस्त्री म्हणालेत, पत्रा तापला की वाढतो, गार झाला की आकसतो. आवाज होणारच. हात लावू नका, वीस वर्षं टिकेल."

"मिस्त्रीला काय कळतंय! तीस वर्षं कारखान्यात नटबोल्ट तपासलेत मी. ढिला म्हणजे नापास!"

उजाडताच कानटोपी घालून तात्या शिडीवर चढले. आणि बघतात तो काय!

"अगं, एकूण एक स्क्रू ढिला आहे! भामटा आहे तुझा मिस्त्री!"

मग काय विचारता! दोनशे चाळीस स्क्रू! रबराच्या चकत्या चेपून बाहेर येईस्तोवर तात्यांनी ते आवळले. नऊ वाजता उतरले तेव्हा तळहाताला फोड आले होते आणि छाती फुगली होती. दहा वाजले, छप्पर गप्प!

"कमाल केलीत हो!" मावशी म्हणाल्या. हे शब्द ऐकायला तात्यांचे कान किती वर्षं आसुसले होते!

अकराला क्लास भरला. मावशी माप घ्यायला शिकवत होत्या. ऊन रणरणत डोक्यावर आलं आणि...

धाड्!

पत्रा मधोमध टम्म फुगला. धाड्! धाड्! एक स्क्रू सुटून जिन्यावरून टणाटण उड्या मारत खाली गेला.

"गोळीबार!" एक जण किंचाळली. बाराही जणी मशिनांखाली!

"घाबरू नका! पत्रा जागेवर बसतोय!" तात्या खालून ओरडले.

"अहो, बसतोय कसला, उठतोय! मला आकाश दिसतंय!"

आणि ते आकाश काळंकुट्ट होतं! बघता बघता ऊन गेलं आणि ताडताड गारा! तापलेला पत्रा गारठून आकसला, स्क्रूंभोवती टराटरा फाटला आणि एकेका भोकाचा नळ झाला. पोरींनी सकाळच्या थंडीचे स्वेटर मशिनांवर टाकले आणि मशिनं उचलून खालच्या हॉलमध्ये आणली.

मावशींचा फोन जाताच मिस्त्री भिजत धावत आले. त्यांनी वर जाऊन एक स्क्रू चाचपला.

"कुणी आवळले?"

तात्या गारा मोजू लागले.

"अहो तात्या, भोकं मुद्दाम लांबट ठेवली होती. पत्र्याला हलायला जागा लागते. गारठ्यात आखडलेला असताना तुम्ही त्याला जखडलंत. दुपारी वाढायचं म्हटलं तर जाणार कुठे तो?"

"म्हणजे... वीस वर्षं?"

"एका सकाळीत उरकलीत!"

तात्यांनी धावत जाऊन कपाटातला कागद आणला. "ही बघा गॅरंटी! ऊन, थंडी, वारा, गारा, सगळ्यांपासून आहे!"

"आहे ना. मालकापासून नाही."

तात्यांनी मावशींकडे पाहिलं. त्या ओली पाटी पदराने पुसत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. एवढी लाज तात्यांना कधीच वाटली नव्हती.

"मावशी, मशिनं कोरडी आहेत," एक मुलगी म्हणाली. "सुरू करायचं का?"

मावशींनी नाक ओढलं. "मिस्त्री, छपरावर टाकायला ताडपत्री आहे?"

"पातळ आहे. त्यात आणि दोन तुकडे."

"आणा! पोरींनो, आजचा धडा, सरळ शिवण!"

हॉलमध्ये सहाही मशिनं खडखडू लागली. कोणी ताडपत्री धरतंय, कोणी खुणा करतंय, नुसती धमाल! तात्यांनाही राहवेना. बाह्या सरसावत ते पुढे झाले.

"मी काय करू?"

"बसून राहा!" बारा पोरी, मावशी आणि मिस्त्री, चौदा जणांनी एका सुरात सांगितलं.